कबड्डीत गुडघा गेला, तर खर्च कोण देणार?

ईश्वरपुरात (पूर्वीचे इस्लामपूर) संध्याकाळी मैदानावर चढाई करून परतताना पाय अडकतो, गुडघ्यात 'कट्' असा आवाज होतो आणि तासाभरात सूज चढते. दवाखान्यात नेताना मित्र काळजीपोटी सांगतो, "खेळताना लागलं म्हणू नको, क्लेम मिळत नाही. गाडीवरून पडलो म्हण." हा सल्ला ऐकू नका.

आरोग्य विम्यातली वगळणुकीची प्रमाणित अट धोकादायक किंवा साहसी खेळ व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यांसाठी आहे. तिच्यात गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यत, स्कूबा डायव्हिंग अशी नावे आहेत. हौसेने कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणाऱ्याचा क्लेम या अटीने अडत नाही. खोटे कारण उघडकीला आले, तर मात्र मिळणारा क्लेमही हातचा जातो.

पहिला केस पेपर

गुडघ्याच्या लिगामेंटसारख्या शस्त्रक्रियेला अनेक पॉलिसींत दोन वर्षांपर्यंत थांबावे लागते. दुखापत अपघाताने झाली असेल, तर ही अट लागत नाही. सुरुवातीच्या 30 दिवसांची अटही लागत नाही. म्हणून केस पेपरवर तारीख, वेळ आणि 'कबड्डी खेळताना पडून उजव्या गुडघ्यास दुखापत' असे स्पष्ट यायला हवे. घाईत नुसते 'गुडघेदुखी' लिहिले गेले, तर पुढे प्रश्न उभे राहतात. कागद तिथेच वाचा. चूक असेल तर डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या. जुने दुखणे असेल तर तेही सांगा.

पैसे कुठून मिळतात?

- आरोग्य विमा : 24 तास दाखल झाल्यास किंवा डे-केअर शस्त्रक्रियेला. दाखल होण्याआधीचा एमआरआय आणि नंतरची फिजिओथेरपी पॉलिसीतल्या मुदतीत बसते का, ते पाहा. बाह्यरुग्ण विभागातले प्लास्टर, नी-ब्रेस, कुबड्या यांचा खर्च बहुधा खिशातून जातो.
- महात्मा फुले जनआरोग्य योजना : कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, तेही योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा.
- शाळकरी खेळाडू : पहिली ते बारावीसाठी राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. क्रीडा स्पर्धेत जखमी झाल्यास रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, कमाल 1 लाख. मुख्याध्यापकांकडे चौकशी करा.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा : वर्षाला 20 रुपये हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी 2 लाखांपर्यंत. दवाखान्याचे बिल यातून मिळत नाही.
- वैयक्तिक अपघात विमा : काही पॉलिसींत काम बंद असताना दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. रोजंदारीवरच्या खेळाडूने हे कलम पाहूनच पॉलिसी घ्यावी.

खोलीचे भाडे बिल कापते

समजा, विमा 3 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज 3,000 रुपये. तुम्ही 4,500 ची खोली घेतली. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खोलीशी जोडलेल्या खर्चाचेही दोन तृतीयांशच मिळतात. हा खर्च 60,000 असेल, तर 20,000 तुम्ही भरायचे, भाड्यातला फरक वेगळा. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. बिलात ती लावली असेल तर हरकत घ्या.

मुदती आणि कागद

दाखल होताच कंपनीला कळवा, साधारण 24 ते 48 तासांत. पॉलिसीतली मुदत पाहून ठेवा. कॅशलेसला कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचे असते. पैसे आधी भरले असतील, तर केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, एमआरआय रिपोर्ट, इम्प्लांटचे स्टिकर आणि रद्द केलेला चेक जोडा. मूळ कागद देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स ठेवा. स्पर्धेत लागले असेल, तर आयोजक मंडळाचे पत्रही घ्या.

क्लेम नाकारला तर

कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई मागता येते.

मैदानातून दवाखान्यात नेणाऱ्या मित्राने खरे कारण सांगावे, केस पेपर वाचावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. दुखण्याने हैराण झालेल्या खेळाडूला त्या वेळी एवढे भान नसते.