वाहक म्हणजे रोगी नव्हे

प्रश्न : मी 21 वर्षांचा, चोपडा तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याचा. पोलीस भरतीसाठी रोज धावतो. शिबिरातल्या तपासणीत मी सिकलसेलचा 'वाहक' निघालो. धावणं सोडू का? घरचे मुलगी पाहताहेत, त्यांना काय सांगू?

उत्तर : धावणं सोडू नका. मात्र अहवाल नीट पाहा. तो नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीचा असेल, तर वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिच्यातून कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या. तिथे 'एएस' आलं तर तुम्ही वाहक. वाहकाला सहसा कसलाच त्रास नसतो, औषधही लागत नाही. 'रक्त वाढवायला' लोहाच्या गोळ्या मनानेच घेऊ नका. जपायचं ते खानदेशातल्या उन्हाला. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच धावा, भरपूर पाणी प्या, अंतर हळूहळू वाढवा. धावताना स्नायू फार दुखले, अशक्तपणा आला, दम लागला, लघवी लाल झाली तर थांबा आणि दवाखाना गाठा.

लग्नाचं म्हणाल, तर पत्रिकेआधी मुलीची हीच तपासणी व्हावी. ती 'एए', म्हणजे वाहकही नसेल तर मुलांना हा आजार होणार नाही. फार तर काही वाहक होतील. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. इथेच बरीच मंडळी फसतात. तरीही लग्न करायचंच ठरलं, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते. 2023मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. धाकट्या भावंडांनाही सोबत न्या.