सभेची परवानगी : मर्जी की नियम?

मेहकरसारख्या नगरपरिषदेच्या गावी बागेत वा मैदानात सभा घ्यावयाची झाल्यास दोन संमतींचा घोळ हमखास होतो. जागा नगरपरिषदेची असेल तर तिच्या वापराची संमती नगरपरिषद देते. बंदोबस्त, वाहतूक व ध्वनिक्षेपक या बाबी पोलिसांकडे असतात. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली, असे नव्हे.

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालील अहमदाबादच्या एका नियमाने रस्त्यावरील सभेची परवानगी सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविली होती. हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो नियम अवैध ठरविला. सभेचे नियमन करता येते. परंतु नकाराला काही कसोटी हवी, हा त्यातील गाभा. आपल्याकडे तोच अधिनियम आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे. निकाल रस्त्यांविषयीचा असला, तरी उद्यानांबाबतही हीच दृष्टी ठेवणे इष्ट होय.

ध्वनीबाबत मात्र सवलत थोडी. २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वर्ज्य आहे. शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो.

बागेच्या फाटकावर वेळांचा फलक असतोच. त्याशेजारी अर्ज कोठे करावा, अटी कोणत्या, हेही लिहिता येईल. आणि नकार द्यावयाचा तर तो सकारण व लेखी द्यावा.