सोन्यासाठी की स्वतःसाठी?

२०१३ च्या रमजानमध्ये दुबई महानगरपालिकेने एक अभिनव योजना जाहीर केली होती. महिनाभरात किमान दोन किलो वजन घटवा आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम सोने मिळवा! हजारो लोकांनी नावे नोंदवली. पण डॉक्टरला पुढचा प्रश्न पडतो : सोने हाती आल्यावर काय?

१९७१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना त्याबद्दल पैसेही दिले. पैसे बंद होताच, फावल्या वेळात कोडी हाती घेण्याचा त्यांचा उत्साह ओसरला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेच्या पायऱ्याच मांडल्या.

त्या अशा समजून घेऊ. समजा, चार मधुमेही झबील पार्कमध्ये फेऱ्या मारत आहेत. पहिले सौभाग्यवतींच्या धाकाने आलेले. दुसऱ्यांना, न आल्यास अपराधी वाटते. तिसऱ्यांना मनोमन पटले आहे की, साखर काबूत राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय सांभाळले जातील. चौथ्यांना चालणेच आवडते. फेऱ्या चौघांच्या सारख्याच. पण सौभाग्यवती सुट्टीवर भारतात गेल्या की पहिले सोफ्यावर! दुसऱ्यांचा एक दिवस चुकला की ते ओशाळून महिनाभर टाळतात. तिसरे आणि चौथे मात्र भर उन्हाळ्यातही, मॉलमध्ये का होईना, चालतात.

धाक आणि बक्षीस अगदीच टाकाऊ नाहीत. सुरुवात करून देतात. पण मधुमेह किंवा रक्तदाब हे महिनाभराचे पाहुणे नव्हेत. तिथे टिकते ती आतून आलेली प्रेरणा. तिला तीन गोष्टींचे खतपाणी लागते : निवड माझी आहे, मला हे जमते आहे आणि माझी माणसे सोबत आहेत.

म्हणून घरात ‘आजपासून भात बंद!’ असे फर्मान काढण्यापेक्षा ‘भात कमी करायचा की जेवणानंतर चालायचे? तुम्हाला काय जमेल?’ असे विचारून पाहावे. भारतातल्या आईवडिलांनाही फोनवर ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढेच न विचारता, गोळी कशासाठी आहे हे समजावून सांगावे. कारण पटले की रोज आठवण करण्याची गरज कमी होते.

मंडळी, उत्सवात प्रसादाचा मोदक आनंदाने घ्या. दुसरा उचलण्यापूर्वी मात्र स्वतःला एकच प्रश्न विचारा : मला निरोगी राहायचे आहे, ते नक्की कशासाठी? त्याचे उत्तर आपले आपणच द्यायचे आहे.