हळदीच्या कॅप्सूल आणि गुडघेदुखी

प्रश्न : माझे वय 62. गुडघे दुखतात, हृदयविकारासाठी वॉरफरिनची गोळी चालू आहे. चिरंजीवांनी कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणल्या आहेत. घ्याव्यात काय?

उत्तर : जी हळद आजीने आपल्या कापलेल्या बोटावर दाबून धरली, आणि जिच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 साली दिले गेलेले पेटंट आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेऊन 1997 साली रद्द करविले, त्या हळदीवरील चिरंजीवांची श्रद्धा निराधार खचितच नाही. परंतु भाजीतली चिमूट निराळी आणि कॅप्सूल निराळी. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास, आणि तेही रक्तात फार थोडे उतरते. म्हणून त्याचा अर्क काढून त्यात पुष्कळदा मिऱ्यातील पायपरिन मिसळतात, ज्यायोगे शोषण वाढते खरे, पण इतर औषधांचा निचरा करण्याचे यकृताचे कार्यही मंदावू शकते. गुडघ्यांच्या संधिवातात वेदना कमी झाल्याचे काही चाचण्यांत दिसले असले, तरी त्या बहुधा लहान व अल्प मुदतीच्या होत्या. उलट रक्त गोठण्यास अटकाव करणाऱ्या वॉरफरिनच्या जोडीने रक्तस्रावाचा धोका मात्र आपणांस प्रत्यक्ष आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे निर्धोकपणाची सनद नव्हे.

तेव्हा कॅप्सूल तूर्त घेऊ नयेत. घेतल्या असल्यास डॉक्टरांना सांगून रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखविणारी आय.एन.आर. तपासणी करावी, आणि हिरड्यांतून रक्त येणे वा काळी शौचास होणे दिसताच विलंब न लावता त्यांना गाठावे. वॉरफरिन मात्र स्वतःहून बंद करू नये. आमटीतली हळद खुशाल चालू ठेवावी, आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम जाणकाराकडून शिकून नित्य करावा.