आफ्रिकेतील वैमानिकाची नोकरी : किन्शासाच्या निमित्ताने काही विचार

परदेशातील नोकरीचा प्रस्ताव हाती येताच उमेदवाराची दृष्टी प्रथम वेतनाच्या आकड्यावर स्थिरावते, हे स्वाभाविक आहे. वैमानिकाच्या बाबतीत तर हा मोह अधिकच प्रबळ असतो. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी कुटुंबाने लाखो रुपये खर्च केलेले असतात, पुष्कळदा त्यासाठी कर्जही काढलेले असते, आणि परवाना मिळाल्यानंतरही स्वदेशात जागा मिळेपर्यंत अनेकांना दीर्घ काळ थांबावे लागते. गोमंतकातील अनेक कुटुंबांचा मोझांबिक व पूर्व आफ्रिकेशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. त्यामुळे आफ्रिकेतील नोकरी ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. परंतु नैरोबीतील कचेरीतली नोकरी आणि मध्य आफ्रिकेतील किन्शासा येथील वैमानिकाची नोकरी या अगदी निराळ्या गोष्टी होत. असा प्रस्ताव कोणत्या कसोट्यांवर पारखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देश आणि शहर

किन्शासा ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी. बेल्जियमच्या राजवटीत तिचे नाव लिओपोल्डव्हिल असे होते. ते १९६६ मध्ये बदलण्यात आले. काँगो नदीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या या शहराची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक आहे. नदीच्या पैलतीरी ब्राझाव्हिल ही दुसऱ्याच देशाची राजधानी आहे. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच. रस्त्यावर व बाजारात लिंगाला बोलली जाते.

देशाचे क्षेत्रफळ सुमारे २३ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सात दशांशाहून किंचित अधिक आहे. एवढ्या विस्तारात पक्के रस्ते फार थोडे. किन्शासापासून किसांगानीपर्यंत सुमारे १७०० किलोमीटरचा नदीमार्ग आहे. पण त्या मार्गाने माल पोहोचण्यास कित्येक आठवडे लागतात. परिणामी औषधे, खाणींची यंत्रे, सरकारी कागदपत्रे, मदतकार्य आणि प्रवासी या सर्वांची भिस्त विमानावर असते. परदेशी वैमानिकांना तेथे मागणी का आहे, याचे उत्तर या भूगोलातच आहे. मात्र ज्या कारणाने मागणी निर्माण होते, त्याच कारणाने धोकाही निर्माण होतो. जेथे रस्ता नाही तेथे विमान गेलेच पाहिजे, असा दबाव प्रत्येक उड्डाणामागे असतो.

संरक्षणाचे थर

आपल्या देशात एखादे विमान उड्डाण करते तेव्हा त्यामागे तपासणीचे अनेक थर असतात. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची देखरेख, कंपनीची अंतर्गत तपासणी, हवामान खात्याची माहिती, रडारवर लक्ष ठेवणारा नियंत्रक हे त्यांतील प्रमुख होत. वैमानिकाचा निर्णय हा यांतील शेवटचा थर. सामान्यतः त्याच्यापर्यंत येणारी चूक आधीच कोठेतरी अडविली जाते.

काँगोमध्ये हे बाहेरचे थर विरळ आहेत. युरोपीय संघाने २००६ मध्ये बंदी घातलेल्या विमान कंपन्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. काँगोच्या अधिकाऱ्यांनी मान्यता दिलेल्या जवळजवळ सर्व कंपन्यांवर तेव्हाच बंदी आली आणि २०२५ मधील यादीतही ती कायम होती. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. प्रत्येक कंपनी वाईट आहे असा या बंदीचा अर्थ नाही. कंपन्यांवर देखरेख करणारी यंत्रणा पुरेशी विश्वासार्ह नाही, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून चांगली कंपनी ओळखण्याचे काम बरेचसे उमेदवारावरच येऊन पडते.

आकाशातही हेच चित्र दिसते. आफ्रिकेच्या विस्तीर्ण प्रदेशात नियंत्रकाशी संपर्क अनिश्चित असल्यामुळे १२६.९ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर वैमानिक आपले स्थान, उंची व दिशा स्वतःच घोषित करीत राहतात, जेणेकरून जवळच्या विमानांना सावध राहता यावे. किन्शासाच्या परिसरात साधारणतः ऑक्टोबर ते मे हा पावसाळा असतो आणि विषुववृत्तीय गडगडाटी मेघ अल्पावधीत प्रचंड उंची गाठतात.

दोन अपघातांचा धडा

या परिस्थितीत काय घडू शकते, हे दोन घटनांवरून स्पष्ट होईल.

पहिली घटना ८ जानेवारी १९९६ ची. किन्शासा शहरातील न्डोलो विमानतळावरून निघालेले अँटोनोव्ह-३२ जातीचे मालवाहू विमान क्षमतेपेक्षा अधिक भरलेले होते. ते उड्डाण घेऊ शकले नाही आणि धावपट्टी ओलांडून पलीकडच्या गजबजलेल्या बाजारात घुसले. दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली; मृतांच्या संख्येविषयी निरनिराळे आकडे आढळतात. विमानाचे रशियन वैमानिक वाचले. त्यांच्यावर तेथील न्यायालयात खटला चालला आणि त्यांना दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. मालाचे वजन वैमानिक स्वतः करीत नसतो; परंतु ते वजन स्वीकारून उड्डाण करण्याचा निर्णय त्याचा असतो.

दुसरी घटना ४ एप्रिल २०११ ची. संयुक्त राष्ट्रांच्या कामावर असलेले जॉर्जियातील कंपनीचे जेट विमान गोमाहून किसांगानीमार्गे किन्शासास येत होते. न्जिली विमानतळावर वादळ होते. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जात असताना विमान अगदी कमी उंचीवर मेघातून कोसळणाऱ्या हवेच्या प्रचंड झोतात सापडले. विमानातील ३३ पैकी ३२ जण दगावले. येथे काम आंतरराष्ट्रीय संस्थेचे होते आणि विमानही जुनाट मालवाहू नव्हते. तात्पर्य, मोठ्या संस्थेच्या नावामुळे त्या आकाशातील वादळ सौम्य होत नाही.

या घटनांतून एक गोष्ट निष्पन्न होते. जेथे बाहेरचे थर विरळ असतात तेथे वैमानिकाचा नकार हाच मुख्य थर ठरतो. वजन अधिक आहे, इंधन अपुरे आहे, वादळ समोर आहे किंवा विश्रांती झालेली नाही, म्हणून मी जाणार नाही असे म्हणण्याची मुभा ज्या नोकरीत खरोखर आहे ती नोकरी विचारात घेण्याजोगी. ज्या नोकरीत असा नकार एकदा दिल्यावर परतीचे तिकीट हाती पडते, तिचे वेतन कितीही असले तरी ती महागच पडते.

कंपनीची पारख

नकाराचा हा अधिकार मुलाखतीत विचारून कळत नाही. होकारार्थी उत्तर सर्वच देतात. तो अप्रत्यक्षपणे शोधावा लागतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची आयोसा ही सुरक्षा तपासणी कंपनीने पूर्ण केली आहे काय, हे प्रथम पाहावे. खाण कंपन्यांसाठी उड्डाणे करणाऱ्यांच्या बाबतीत बार्स या मानकानुसार तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. तेथे काम करून परतलेल्या किमान दोन वैमानिकांशी बोलावे आणि त्यांना नेमका प्रश्न करावा : 'आपण शेवटचे उड्डाण केव्हा नाकारले, आणि त्यानंतर काय झाले?' वजनाचा तक्ता कोण तयार करतो, माल प्रत्यक्ष काट्यावर चढतो की अंदाजाने लिहिला जातो, सुटे भाग कोठून येतात आणि वैमानिकांना वेतन वेळेवर मिळते काय, हेही विचारावे. ज्या कंपनीत वेतन थकते तेथे देखभालीचा खर्चही थकत असण्याचा संभव असतो.

करारपत्र

करारपत्रात कंपनीचे खरे नाव, विमान ज्या देशात नोंदले आहे तो देश आणि वाद उद्भवल्यास लागू होणारा कायदा यांचा उल्लेख असावा. १९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचा परवाना विमानाच्या नोंदणीच्या देशाने दिलेला वा मान्य केलेला असावा लागतो. ही मान्यता लेखी हाती येण्यापूर्वी आसनावर बसू नये, कारण मान्यतेविना झालेल्या उड्डाणास विमा कंपनी हात वर करू शकते.

परवाना गमावल्यास मिळणारी भरपाई, युद्धजन्य जोखमीसह आयुर्विमा, गंभीर आजारात जोहान्सबर्गसारख्या ठिकाणी विमानाने हलविण्याची सोय आणि अपघातानंतर वकिलाचा खर्च ही चार कलमे स्पष्ट शब्दांत असावीत. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेण्याचे कलम असल्यास ते मान्य करू नये. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी बंधपत्र मागितले जात असेल तर त्याची रक्कम दरमहा घटत जाते की अखेरपर्यंत तीच राहते, हे पाहावे. मोठ्या बंधपत्राखाली असलेला माणूस नकार देऊ शकत नाही.

जे आज भारतात नोकरीत आहेत त्यांनी आपल्या महासंचालनालयाचा २०१७ चा नियम विसरू नये. त्यानुसार राजीनाम्याची पूर्वसूचना कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी द्यावयाची असते.

वेतनाचा हिशेब

समजा, मासिक वेतन ९,००० डॉलर आहे आणि सहा आठवडे काम व तीन आठवडे सुटी असे चक्र आहे. वेतन बाराही महिने मिळत असेल तर वार्षिक रक्कम १,०८,००० डॉलर होते. परंतु ते केवळ कामाच्या दिवसांचे असेल तर वर्षातील सुमारे ३५ आठवडे, म्हणजे आठ महिनेच हिशेबात येतात आणि रक्कम ७२,००० डॉलरवर येते. एका वाक्याच्या अर्थाने ३६,००० डॉलरचा फरक पडतो. निवास, येण्याजाण्याचे भाडे व विमा कंपनी देते की वैमानिक, यावरून आणखी फरक पडेल.

प्राप्तिकराचाही विचार करावा. अनिवासी ठरण्यासाठी आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांहून कमी असावे लागते. भारतातील उत्पन्न मोठे असल्यास ही मर्यादा आणखी कमी होते. सहा आठवडे तेथे व सहा आठवडे येथे, असे चक्र असेल तर उमेदवार नेमका सीमारेषेवर येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दिवसांची नोंद ठेवावी.

आरोग्य व सुरक्षितता

काँगोत प्रवेशासाठी पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य ठरते आणि २०१६ पासून आजन्म चालते. प्रमाणपत्राविना तेथून भारतात परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. हिवतापाचा घातक प्रकार तेथे सर्वत्र आढळतो. प्रतिबंधक औषध विमानवैद्यक तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे. मेफ्लोक्विन हे औषध मेंदूवरील परिणामांमुळे वैमानिकांना वर्ज्य आहे. सुटीत घरी आल्यावर ताप आला तर आपण कोठून आलो हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. येथील साधा ताप समजून दोन दिवस गमावणे जिवावर बेतू शकते.

किन्शासाने सप्टेंबर १९९१ व जानेवारी १९९३ मध्ये वेतनावरून असंतुष्ट सैनिकांनी केलेली लुटालूट पाहिली असून त्या काळी परदेशी नागरिकांना हलवावे लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये पूर्वेकडील गोमा शहर बंडखोरांच्या हाती गेले व तेथील विमानतळ बंद पडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्जिली नदीच्या पुराने राजधानीतील विमानतळाचा रस्ता पाण्याखाली गेला. यास्तव निवास कोठे आहे, विमानतळापर्यंत वाहन कोणाचे आहे आणि संकटकाळी कंपनीची योजना काय आहे, हे आधी जाणून घ्यावे. पोहोचताच भारतीय दूतावासात नाव नोंदवावे.

उपसंहार

ही नोकरी सर्वथा त्याज्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. अवघड धावपट्ट्या, स्वतंत्र निर्णय आणि ज्यांना खरोखर विमानाची गरज आहे अशा लोकांची सेवा यांतून वैमानिक पक्व होतो. दुर्गम गावी पोहोचलेले औषध हे कोणत्याही वेतनाहून मोठे समाधान होय. परंतु तेथे जाणाऱ्याजवळ दोन गोष्टी हव्यात : विमान चालविण्याचा पुरेसा अनुभव आणि नोकरी सोडून परत येण्याइतकी शिल्लक. घरच्या सहा महिन्यांच्या खर्चाची व परतीच्या तिकिटाची रक्कम बाजूला ठेवूनच प्रस्थान करावे. ही रक्कम कर्जबाजारी तरुणास जड वाटेल. तथापि संकटाच्या सकाळी 'मी हे विमान नेणार नाही' असे म्हणण्याचे बळ तीच देणार आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. युरोपीय संघाची बंदी कंपनीच्या दोषामुळे आहे की देखरेखीच्या उणिवेमुळे? उमेदवाराच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व सांगा.

२. १९९६ च्या अपघातात वैमानिकाची जबाबदारी कोठे सुरू होते?

३. आपल्या हाती आलेल्या करारपत्रातील वेतन वार्षिक आहे की केवळ कामाच्या दिवसांचे, हे कोणत्या वाक्यावरून ठरेल?