हॅमॉकची खालची रजई: डाऊन किती भरायचं, पैसे कुठे वाचवायचे आणि कुणाला विकायचं



श्रीगोंद्याच्या बॅचमधल्या एका ताईंचा प्रश्न व्हिडिओत घाईत उरकला गेला, म्हणून इथे नीट लिहितोय. ताईंकडे दोन शिलाई मशीन, हाताखाली दोघी जणी आणि बाजूला टाकलेले ४०,००० रुपये. ब्लाऊज-पिकोच्या कामाला कंटाळल्यात. कुणीतरी सुचवलं, भंडारदऱ्याला कॅम्पिंग जोरात आहे, हॅमॉकसाठी उबदार रजया शिवा. "सर, घालू का पैसे?"

पैसे नंतर. आधी एक रात्र हॅमॉकमध्ये झोपून बघा. मी जानेवारीत रतनवाडीला झोपलोय. अंगाभोवती चांगली स्लीपिंग बॅग होती, तरी पहाटे पोट गरम आणि पाठ गारठलेली. कारण साधं आहे. ऊब पिसांत किंवा कापसात नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेत असते. आपण झोपलो की पाठीखालची बॅग वजनाने चपटी होते, हवा निघून जाते. जमिनीवर निदान खाली वारा नसतो. हॅमॉकमध्ये तोही असतो.

म्हणून रजई हॅमॉकच्या आत नाही, बाहेरून खाली टांगायची. तिच्यावर वजन पडत नाही, ती फुगलेली राहते. हिला अंडरक्विल्ट म्हणतात. पाठीला चिकटून बसली पाहिजे. मध्ये फट राहिली तर वारा शिरतो, फार ताणली तर पुन्हा चपटी होते. म्हणून ती लवचीक दोरीवर टांगतात.

आता भरण. डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पोटा-छातीवरची मऊ लव, काडी नसलेली. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात अशी लव भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे लोकरीत होते, आधी त्याला हसले. वजनाच्या मानाने एवढी ऊब देणारं दुसरं भरण आजही सहज मिळत नाही.

डाऊन विकत घेताना ५५०, ६५०, ८०० असे आकडे ऐकाल. त्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन फुगून किती घन इंच जागा भरतं, तो हा आकडा. हा कळला की हिशोब तुमच्या हातात येतो. वही घ्या.

थंडी ५ अंशांच्या आसपास जाणार असेल तर दीड इंच जाडी धरून चाला. पूर्ण लांबीची रजई ४८ बाय ७६ इंच. गुणिले दीड, म्हणजे ५,४७२ घन इंच. भागिले ६५०, साधारण साडेआठ औंस, म्हणजे २४० ग्रॅम. भरण सरकून मोकळे पट्टे राहू नयेत म्हणून २० टक्के जास्त. झाले जवळपास २८५ ग्रॅम.

आता रजई खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच करा, ४८ बाय ४८. तोच हिशोब, आणि डाऊन लागतं फक्त १८० ग्रॅम. पायाखाली गिऱ्हाईक फोमचा तुकडा किंवा घडी केलेलं जॅकेट टाकेल. सगळ्यात मोठी बचत इथे आहे.

दुसरी बचत फिल पॉवरमध्ये. याच छोट्या रजईत ८०० फिल भरलं तर १४७ ग्रॅम लागेल. ६५०च्या तुलनेत फरक ३३ ग्रॅमचा, म्हणजे एका अंड्याहून कमी. तेवढ्यासाठी महागडं डाऊन घ्यायची गरज नाही. मी तरी घेणार नाही.

खर्च काढू. भाव इथे फक्त समजण्यापुरते धरलेत, तुम्ही स्वतः तीन ठिकाणी विचारा. डाऊन ८ रुपये ग्रॅमने १,४४०. कापड आणि आतली जाळी ६००. दोरी, इलॅस्टिक, धागा १५०. शिलाई ४००. भरणी १५०. पिशवी-लेबल ८०. वर ५ टक्के वाया. एक नग पडला साधारण २,९६० रुपयांना. म्हणजे ताईंच्या ४०,००० मध्ये तेरा नग, आणि खिसा रिकामा. त्यातले आठ फेब्रुवारीपर्यंत विकले गेले नाहीत तर पैसे पुढच्या नोव्हेंबरपर्यंत अडकले. म्हणून पहिल्या खेपेला तीनच नग.

शिलाईबद्दल थोडं. गोधडीसारखा आरपार टाका मारू नका, टाक्याच्या रेषेवर जाडी शून्य होते आणि तिथूनच गारवा लागतो. वरच्या आणि खालच्या कापडाच्या मध्ये दीड इंची जाळीच्या उभ्या भिंती शिवा, सहा कप्पे करा. प्रत्येक कप्प्यात ३० ग्रॅम, काट्यावर मोजून. कापड इतकं घट्ट विणीचं हवं की तोंडाला लावून फुंकलं तर हवा सहज पार जाऊ नये. सुई बारीक. आणि भरणी करताना खोली बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. नाहीतर १,४४० रुपये छताला चिकटलेले दिसतील! पुरवठादाराकडून आधी नमुना मागवा, बोटांनी चोळून बघा. काड्या जास्त टोचल्या तर ती पिसं आहेत, डाऊन नाही.

आता गिऱ्हाईक. इथेच बहुतेक जण चुकतात.

तुमची खरी स्पर्धा परदेशी ब्रँडशी नाही, फोमच्या स्वस्त मॅटशी आहे. आणि जिथे गाडी थेट तंबूपर्यंत जाते, तिथे आपल्या घोंगडीशी. वजन उचलायचंच नसेल तर पाठीखाली दुहेरी घोंगडी चालून जाते, लोकर दाबली तरी पूर्ण चपटी होत नाही. अशा माणसाला डाऊन विकायला जाऊ नका. डाऊनचं गिऱ्हाईक म्हणजे हरिश्चंद्रगड, रतनगड पाठीवर बोजा घेऊन चढणारा. मॅट त्याच्या पाठीखालून रात्रभर सरकते, हे त्याला माहीत असतं. काही जणांना पक्ष्याची पिसं चालत नाहीत. लेबलवर स्पष्ट लिहा.

भंडारदऱ्याच्या कॅम्पवाल्यांना भाड्याने द्यायचं असेल तर डाऊन नको, पॉलिस्टर भरा. वजन जवळपास दुप्पट होईल, पण कॅम्पवर उचलणार कोण? डाऊन ओलं झालं की गोळा होतं, ऊब जाते; धुणं नाजूक, वाळायला वेळ. पॉलिस्टरचा नग समजा १,६०० ला पडला आणि रात्रीचे १०० मिळाले, तर सोळा रात्रीत पैसे निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शनिवार सतराच असतात, तेही सगळे भरतील असं नाही. डाऊनला त्याच भाड्यात तीस रात्री लागतील, म्हणजे दोन हंगाम. मे-जूनच्या काजव्यांच्या गर्दीवर भिस्त ठेवू नका, तेव्हा गारठा नसतो. पावसाळ्यात तर त्या भागात डाऊन न्यायचंच नाही.

उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटीचं सीएला विचारा.

ताई, आणि तुम्ही सगळे, या हिवाळ्यात एवढंच करा. एक डाऊनची आणि एक पॉलिस्टरची रजई शिवा. गच्चीवर किंवा शेतात दोन हॅमॉक बांधा, शेजारी थर्मामीटर टांगा, घरातल्या दोघांना झोपवा. पहाटे चारला तापमान लिहा आणि दोघांना एकच विचारा, पाठ गार पडली का? दहा रात्रींची ती वही घेऊन मग कॅम्पवाल्याकडे जा.