रिकामी खाट आणि पुढील रुग्णाचा हक्क

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पवित्रतेला ईमानाचा अर्धा भाग म्हटले आहे. वुजू आणि गुस्ल करताना आपण याची आठवण ठेवतो. रुग्णालयात मात्र ती राहत नाही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आपण रुग्णाला अहिल्यानगरला आणतो. खाट नुकतीच रिकामी झालेली असते. सफाई करणाऱ्या मावशींच्या हातात ओले फडके असते आणि आपण म्हणतो, "मावशी, झाले ना आता? आमचा पेशंट ताटकळला आहे." या घाईने काय घडते, ते समजून घ्या.

दिसणारी नजासत आधी दूर करावी, मग ती जागा धुवावी, हा फिकहचा परिचित नियम आहे. रुग्णालयातील क्रमही त्याच्या जवळचा आहे. रक्त, पू, थुंकी आधी टिपून घेतात, साबणाच्या पाण्याने पुसतात आणि त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लावतात. घाण तशीच राहिली तर द्रावणातील क्लोरीन घाणीवरच खर्ची पडते आणि जंतू शाबूत राहतात. द्रावण लावल्यावर पृष्ठभाग सुमारे १० मिनिटे ओला राहावा लागतो. आपल्या घाईत नेमकी हीच १० मिनिटे जातात!

फरशी चकचकीत दिसली, फिनाइलचा वास आला, की आपले समाधान होते. वास्तविक हात लागतात ते खाटेच्या कठड्यांना, लॉकरला, सलाइनच्या स्टँडला, दिव्याच्या बटणाला. म्हणून सफाई वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे करतात, फरशी शेवटी. येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते: शरीअतच्या दृष्टीने पाक झालेली वस्तू रोगजंतूंपासून मुक्त असेलच असे नाही. या दोन बाबींची गल्लत करू नये.

आजारी उंट निरोगी उंटांजवळ नेऊ नयेत, अशी प्रेषितांची (स.) ताकीद हदीसमध्ये आहे. जनावरांच्या बाबतीत इतकी दक्षता, तर ज्या खाटेवरून आपला रुग्ण उठला, तिच्यावर उद्या निजणाऱ्या माणसाचा आपल्यावर काहीच हक्क नाही काय? व्यापारात मालातील दोष लपविणे निषिद्ध आहे. मग गादीवर सांडलेले रक्त चादरीखाली झाकून घरी निघून जाणे कोणत्या सदरात बसते? डाग पडला असेल तर सांगून जावे. उरलेले अन्न, औषधांची वेष्टने उचलावीत. भेटीला आलेल्या आठ जणांनी खाटेवर बसू नये, हेही सांगावे लागते, याचा खेद वाटतो.

करोनाच्या काळात आपल्या शहरातील बूथ हॉस्पिटलमध्ये कितीतरी रुग्णांवर उपचार झाले. डॉक्टरांचे आभार आपण मानले. प्रत्येक रुग्णानंतर खाट पुसणारे हात कोणाचे, हे किती जणांनी विचारले? मदीनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक व्यक्ती वारली. सहाबांनी तो प्रसंग किरकोळ समजून प्रेषितांना (स.) कळविला नाही. त्यांनी स्वतः चौकशी केली, कबर कोठे आहे ते विचारले आणि तेथे जाऊन जनाजाची नमाज अदा केली.

रुग्ण घरी आल्यावर त्याच्या खोलीतही हाच क्रम पाळावा: आधी साबण, नंतर ब्लीचचे द्रावण, तेही बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि रोज ताजे. मात्र त्यात शौचालय धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.